गायरान आणि पाणंद

सातबाऱ्याचा उतारा हवा म्हणून परवा चकलांब्यातील एका सेवा केंद्रात जाऊन बसलो होतो. गावात रेंज होती, वीजही होती; परंतु ज्या दूरस्थ दप्तरातून तो उतारा यावयाचा होता ते काही केल्या उघडेना, आणि पूर्वी तलाठ्याने 'उद्या या' म्हटले म्हणजे जी मुद्रा धारण करण्याची आम्हा गेवराई तालुक्यातील शेतकऱ्यांस सवय होती तीच मुद्रा 'सर्व्हर डाउन आहे' हे शब्द कानी पडताच आपोआप धारण करून, बाकावर बसलेली आम्ही चारपाच माणसे कपाशीच्या भावाविषयी बोलू लागलो. इतक्यात केंद्रचालकाचा आठवीत शिकणारा भाचा खुर्ची ओढून संगणकापुढे बसला, आणि ज्या ब्राउझरमध्ये उताऱ्याचे पान अर्धवट अडकून पडले होते त्याच ब्राउझरमध्ये त्याने शेजारी दुसरे एक पान उघडले. पडद्यावर छत्रपती संभाजीनगरची धावपट्टी आली, तिच्यावरून एक लहानसे विमान उडाले, दक्षिणेकडे वळून त्याने पैठणच्या नाथसागरावर एक घिरटी घातली आणि नदीच्या पात्राचा माग काढीत ते खाली निघाले. मग तो पोरगा मागे वळून न पाहताच म्हणाला, "आबा, ही बघा आपली गंगा."

गोदावरीस गंगा म्हणण्याचा गंगथडीचा प्रघात त्याने विमानात बसूनही सोडला नव्हता, याचे मला कौतुक वाटले. "आन् आपलं गाव रे?" मी विचारले. विमान उजवीकडे कलले, काही क्षण शिवारावरून सरकले, आणि पडद्यावरील एका करड्या डागावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे काय, हितं." त्या डागात वेस नव्हती, देऊळ नव्हते, शाळा नव्हती. "एवढंच?" "एवढंच दिसतंय, आबा."

त्या खेळाचे नाव जिओ-एफएस. २०१० साली निघालेल्या या खेळाची रंगभूमी म्हणजे साक्षात पृथ्वी होय. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून त्यात कोणत्याही देशावर, कोणत्याही डोंगरावर, कोणत्याही खेड्यावर उड्डाण करता येते, आणि त्यासाठी दमडीही मोजावी लागत नाही. या फुकटच्या चित्राची सूक्ष्मता दहा मीटरांची आहे. म्हणजे त्यातील एक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जमीन व्यापतो, आणि तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट असा हिशेब ज्यांनी जन्मभर केला त्यांस हे निराळे सांगावयास नको की, हा ठिपका जवळजवळ नेमका एक गुंठा भरतो. आमचे गाव त्या पडद्यावर गुंठ्यागुंठ्याने मांडलेले होते, म्हणूनच ते इतके धुरकट होते.

ज्या खेळांना जगभर 'ओपन वर्ल्ड' म्हणतात त्या जातीचा हा खेळ आहे. या खेळात खेळणाऱ्यापुढे एक विस्तीर्ण प्रदेश ठेवलेला असतो, आणि कोठे जावे, कोणत्या क्रमाने जावे, जाऊन काय करावे, हे बव्हंशी त्याच्या इच्छेवर सोपविलेले असते. मराठीत यास 'मोकळे रान' म्हणण्यास कोणती हरकत आहे, हे मला समजत नाही. आमच्या गावकीतील विटीदांडू, कबड्डी, आट्यापाट्या हे सारे आखलेल्या मैदानाचे आणि डावाचे खेळ. त्यांत रेषा ओलांडली की गडी बाद. या नव्या खेळाचा पूर्वज त्यांत सापडावयाचा नाही. तो सापडेल गुराख्याच्या दिवसात. सकाळी गुरे सोडून गायरानात शिरलेला मुलगा संध्याकाळी गोठ्याशी परत येईपर्यंत काय काय करी, याची नोंद कोणी ठेवली नाही; परंतु कोणत्या ओढ्यास कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकते, कोणत्या बोरीस गोड बोरे येतात, कोणत्या टेकाडावर चढले असता शेजारच्या गावचा कळस दिसतो आणि कोणाच्या बांधावर कुत्रे सुटते, ही सारी विद्या त्याने कोणी न शिकविता केवळ हिंडण्यातून संपादन केलेली असे. उद्दिष्टावाचून हिंडता हिंडता एक प्रदेश आपलासा होणे, हाच त्या दिवसाचा लाभ, आणि या खेळांचाही तोच.

ते गायरान आता गावोगाव आक्रसले आहे. त्यातला काही भाग भूमिहीनांनी पोट भरण्यासाठी कसला, आणि त्यांच्या त्या हक्कासाठी बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचले. त्याविषयी माझी तक्रार नाही, उलट जमीन कसणाऱ्याच्या नावे व्हावी याच मताचा मी आहे. माझे म्हणणे इतकेच की, कारणे कोणतीही असोत, आठवीतल्या मुलास रानोमाळ हिंडण्याची मुभा आणि जागा आज उरलेली नाही. शाळा, शिकवणी, रस्त्यावरून भरधाव जाणारी वाहने आणि आईबापांच्या मनातील धास्ती यांनी त्याची चतुःसीमा घराच्या उंबऱ्यापर्यंत आणून ठेविली आहे. असा मुलगा संगणकाच्या पडद्यावर मोकळे रान शोधतो, तेव्हा त्यास आळशी ठरविण्यापूर्वी त्याचे रान कोणी घेतले, याचा विचार आपण वडीलधाऱ्यांनी करावा हे बरे.

आता या मोकळ्या रानाची उत्पत्ती कशी होते, हे पाहण्याजोगे आहे. कारण त्यात शेतकऱ्यास ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. १९८४ साली इंग्लंडात डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन तरुणांनी 'एलीट' नावाचा एक खेळ बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी रचला. त्या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्र जितकी जागा घेते तिचा शंभरावा हिस्सा म्हणता येईल. आणि एवढ्याशा जागेत त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह वसविले. हे ग्रह त्यांनी कोठे लिहून ठेवलेलेच नव्हते. त्यांनी एक संख्या घेतली आणि त्या संख्येपासून पुढची संख्या, तिच्यापासून ग्रहाचे नाव, त्याचे स्थान, तेथील राज्यपद्धती आणि बाजारभाव निपजविण्याचे नियम ठरविले; ती मूळ संख्या पेरली की दरवेळी तेच विश्व उगवे. प्रोग्रॅमर मंडळी त्या संख्येस 'सीड', म्हणजे बीच म्हणतात. एका वाणाचे बी पेरले असता त्याच वाणाचे पीक येणार हा शेतकऱ्याचा विश्वास, आणि एका बीजातून तेच डोंगर, त्याच नद्या उगवणार हा त्या कारागिरांचा विश्वास, यांत तत्त्वतः भेद नाही. २०२२ साली ब्राउझरवर आलेला 'स्लो रोड्स' हा खेळ याच युक्तीवर चालतो: त्यात शत्रू नाही, शर्यत नाही, डोंगरउतारांवरून वळणे घेत जाणारा एक न संपणारा रस्ता गाडीच्या पुढे पुढे उगवत असतो आणि आपण तो कापीत जावयाचे.

परंतु गायरान असून भागत नाही. तेथवर जाण्यास पाणंद लागते. माझ्या मते या प्रकरणातील खरा मुद्दा येथे आहे, आणि ज्यांनी या खेळांवर अनुकूल वा प्रतिकूल लिहिले त्यांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

मोकळ्या रानाचे जे नामांकित खेळ आहेत त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग चकलांब्याच्या मुलास बंद आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा खेळ संगणकावर घ्यावयाचा तर त्यास १५० गिगाबाइट जागा मोकळी लागते. गावातील बहुतेक मुलांच्या वाट्यास संगणक येतच नाही. येतो तो बापाचा मोबाइल, तोही संध्याकाळी तासभर, आणि त्या मोबाइलची जागा लग्नांच्या चित्रफितींनी व शुभप्रभातच्या चित्रांनी आधीच भरून गेलेली. ॲप उतरवावयाचे तर ॲपच्या दुकानाच्या देवडीवरून आत जावे लागते. तेथे नाव, खाते, परवानगी विचारतात, आणि आत जी विक्री होते तिच्यावर दुकानदार तीस टक्क्यांपर्यंत जकात वसूल करतो. ब्राउझरचे तसे नाही. पत्ता टाकावा, पान उघडावे, खेळावे, आणि पान मिटले की मोबाइलवर ओझे राहत नाही. बनविणाऱ्यासही त्यात कोणाचा परवाना लागत नाही. महसुली भाषेत बोलावयाचे तर, ॲपचे दुकान ही खाजगी मिळकत आहे आणि ब्राउझर हा वहिवाटीचा रस्ता आहे. ज्याच्याजवळ काही नाही त्यासही त्या रस्त्याने चालण्याचा अधिकार आहे, आणि ज्याच्याजवळ काही नाही त्यालाच त्याची गरज सर्वांत अधिक आहे.

या रस्त्याने थोरामोठ्यांचीही ये-जा झालेली आहे. गावर बंधूंनी ४ जानेवारी २००१ रोजी 'रूनस्केप' खुला केला तो ब्राउझरमध्येच. एका पानात शिरून हजारो अनोळखी माणसे एकाच जगात शेती, मासेमारी, लोहारकी करू लागली. 'माइनक्राफ्ट'चा २००९ मधील पहिला अवतार ब्राउझरमध्ये चालत असे. आणि त्याच्या दशवार्षिक सोहळ्यानिमित्त मे २०१९ मध्ये त्याच्या मालकांनी तो जुना अवतार, त्यातील बत्तीस प्रकारच्या ठोकळ्यांसह व मूळच्या दोषांसह, पुन्हा ब्राउझरवर विनामूल्य ठेवला. ठोकळे रचून ज्यास घर बांधावयाचे आहे त्यास बत्तीस प्रकार कमी नव्हेत. आमच्याकडे माती, दगड आणि पाचट या तिघांवर पिढ्यानुपिढ्या घरे उभी राहिली.

मात्र रस्ता आहे म्हणून तो राहीलच, असे गृहीत धरणारा शेतकरी आमच्या तालुक्यात तरी भेटणार नाही. ज्याच्या शेतातून वाट जाते तो दरवर्षी नांगराचा एकेक तास वाटेत घालतो, आणि दहाव्या वर्षी बैलगाडीच्या वाटेची पायवाट होते. ब्राउझरच्या इतिहासात हे दोनदा घडले. जावाच्या आधारावर जे खेळ पानात चालत, त्यांची जोडणी सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोम या ब्राउझरने काढून टाकली. त्याहून मोठा प्रकार फ्लॅशचा. पंधरावीस वर्षे जगातील मुले, आणि गावोगावच्या सायबर कॅफेंतून आमचीही मुले, जे लक्षावधी लहानमोठे खेळ ब्राउझरमध्ये खेळली ते फ्लॅश या एकाच कंपनीच्या मालकीच्या तंत्रावर उभे होते. त्यात सुरक्षेचे दोष होते, मोबाइलवर ते धड चालत नव्हते, हे सर्व खरे. परंतु ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी या मालक कंपनीने त्यास विराम दिला, १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील खेळ चालण्याचेच थांबले, आणि मालकाने नांगर घातलेल्या त्या वाटेवरून पुढे कोणास जाता येईना. फ्लॅशपॉइंट नावाच्या एका स्वयंसेवी उपक्रमाने त्यांतील एक लाखाहून अधिक खेळ व चित्रकथा जतन करून ठेविल्या आहेत, एवढाच काय तो दिलासा.

यातून घ्यावयाचा बोध असा की, वाट कोणाच्या जमिनीवरून जाते हे प्रथम पाहावे. आज ब्राउझरमध्ये जे त्रिमित जग उभे राहते ते मार्च २०११ मध्ये सिद्ध झालेल्या वेबजीएल या मानकावर, आणि त्यास जो वेग येतो तो ५ डिसेंबर २०१९ रोजी जागतिक वेब संघाने मान्यता दिलेल्या वेबअसेंब्ली या मानकावर. ही मानके कोणा एका कंपनीच्या खात्यावर चढलेली नाहीत. ती अनेकांनी मिळून ठरविलेली व सर्वांस वापरता येण्याजोगी आहेत. फ्लॅश ही मालकाच्या मर्जीने चालू राहिलेली वाट होती. ही वाट गाव नकाशावर तुटक रेषेने दाखविलेल्या शिवरस्त्यासारखी आहे. तीही अडविता येतेच, कारण बहुसंख्य लोक जे ब्राउझर वापरतात ते मोजक्या धनाढ्य कंपन्यांचे आहेत. पण अडविणाऱ्याविरुद्ध दाद मागता येईल असा काही आधार येथे आहे, तेथे तो नव्हता.

येथे विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण ते निराधार नाही. गावात आजही कोणत्याही खेळास 'पबजी' म्हणतात. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्या खेळावर बंदी घातली, तरी त्याचे नाव सर्व खेळांचे कुलनाम होऊन बसले. पोर रात्र रात्र मोबाइल सोडत नाही, जेवणावर लक्ष नाही, बोलावले तर खेकसते, ही आईबापांची फिर्याद मी अनेक ओसऱ्यांवर ऐकली आहे. फुकटच्या खेळांच्या पानांभोवती ज्या जाहिराती लोंबत असतात त्यांतल्या काही मुलांच्या नजरेस पडू नयेत अशा असतात, आणि जेथे अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय आहे तेथे सारेच सज्जन भेटतात असे नाही. मोकळ्या रानात विंचूकाटा असतोच. म्हणूनच गुराख्याबरोबर पहिली काही वर्षे एखादा थोरला पाठवीत.

परंतु या फिर्यादीचा निकाल देताना सर्व आरोपींना एकाच दोरीने बांधू नये. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने हा विवेक केला आहे: पैसे लावून खेळावयाचे खेळ आणि त्यांच्या जाहिराती त्याने निषिद्ध ठरविल्या, आणि स्पर्धात्मक ई-क्रीडा व सामाजिक, शैक्षणिक खेळ यांना मात्र प्रोत्साहनाच्या कक्षेत ठेवले. संसदेस जो भेद दिसला तो शाळेच्या संगणकाची किल्ली सांभाळणाऱ्यांस दिसावयास हवा. अनेक ठिकाणी असे होते की, ज्या पत्त्यात 'गेम' हा शब्द आढळेल तो पत्ता सरसकट बंद केला जातो. त्यामुळे रमीचा अड्डा बंद होतो तसे नदीवरून उडणारे विमानही बंद होते, आणि मुलगा ज्या मोबाइलवर कोणाचीच नजर नाही त्यावर त्या अड्ड्याकडे निर्विघ्नपणे वळतो. खेळाची परीक्षा करावयाची तर मी तीन प्रश्न विचारीन: खेळ मध्येच सोडला तर तो दंड करतो काय, पैसे मागतो काय, आणि उद्या परत न आल्यास भीती घालतो काय? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर त्या खेळात आणि बांधावर बसून ढग पाहण्यात फारसे अंतर नाही.

दुसरी एक अडचण आहे, जिची वाच्यता फारशी होत नाही. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप कोयता घेऊन जातात, आणि मागे राहिलेली मुले आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. बापाचा मोबाइल बापाबरोबर फडावर जातो. त्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पोराने रचलेले घर, खणलेली विहीर, जमविलेली जनावरे ही पुष्कळदा त्या ब्राउझरच्या कप्प्यातच साठविलेली असतात; बापाने जागा व्हावी म्हणून सारे साफ केले की त्या जगाचा मागमूस राहत नाही. गावाकडची मुले खाते उघडीत नाहीत, कारण खात्यास ई-मेल लागतो, आणि ई-मेल बापाच्या नावचा, त्याचा पासवर्ड मोबाइल विकणाऱ्या दुकानदाराच्या डोक्यात. ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी १९५४-५५ च्या खासरा पाहणीत नोंद न झाल्यामुळे वादात सापडल्या, त्यांच्या नातवंडांची पडद्यावरील शेतेही नोंदीवाचून वाहून जावीत, हा योग विलक्षण आहे. खेळ रचणाऱ्यांनी रचलेले जग एका लहानशा फाइलीत उतरवून घेण्याची सोय ठेवावी, आणि शाळांनी ती फाइल मुलाच्या नावाने जपून ठेवावी, एवढ्याने हे टळते. त्यास खर्च नाही, फक्त आस्था लागते.

आता त्या करड्या डागाकडे येतो. गूगलचा स्ट्रीट व्ह्यू, ज्यात रस्त्यावर उभे राहून चहूकडे पाहता येते आणि ज्यावर 'जिओगेसर' हा स्वीडनमधून २०१३ साली निघालेला ब्राउझरचा खेळ बेतलेला आहे, तो २७ जुलै २०२२ रोजी भारतातील दहा शहरांत सुरू झाला; त्यांत मुंबई, पुणे, नाशिक यांच्यासह आमच्या शेजारचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हेही होते. तेव्हा आमच्या शिवेपलीकडच्या जिल्ह्यापर्यंत जगाची नजर आली. मोठ्या कंपनीची गाडी एक दिवस चकलांब्याच्या वेशीतून जाईलही; परंतु ती रस्त्याने जाईल, आणि आमचे गाव रस्त्यावर नाही, ते शिवारात आहे. ते रेखाटावयाचे तर ज्यांनी ते पायांनी पाहिले त्यांनीच रेखाटले पाहिजे.

आणि रेखाटण्याजोगे येथे काय आहे, असे कोणी विचारील, तर मी त्यास गोदाकाठच्या राक्षसभुवनास नेईन. शनीच्या देवस्थानामुळे तो गाव सर्वांस ठाऊक आहे. १० ऑगस्ट १७६३ या दिवशी तेथे जे युद्ध झाले त्याची सनावळी मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. परंतु त्या युद्धाचे सारे मर्म भूगोलात आहे. भर पावसाळ्यात निजामअलीने निम्म्या सैन्यानिशी गोदावरी ओलांडली, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिणतीरी मागे राहिला, नदीस पूर आला, आणि अवघ्या अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने राघोबादादांसह नेमक्या त्या वेळी मागे राहिलेल्यांवर घाला घातला. विठ्ठल सुंदर पडला. पैलतीरावरून निजामास पाहत राहण्यावाचून काही करता आले नाही. हा प्रसंग पुस्तकात दोन ओळींचा आहे. तोच एखाद्या मोकळ्या रानाच्या खेळात मांडा: मुलास त्या तीरावर उभे करा, घोडा द्या, आणि कोठे उतार आहे, पाणी किती चढले आहे, पैलतीरावरून हाक ऐकू येते काय, हे त्याचे त्यास शोधू द्या. 'नदीमुळे सैन्य दुभंगले' हे वाक्य मग त्यास पाठ करावे लागणार नाही, कारण घोड्याच्या छातीपर्यंत पाणी आल्याचे त्याने स्वतः पाहिलेले असेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. पुण्यात 'राजी'सारखा खेळ २०२० साली तयार होऊन जगभर गेला, तेव्हा कारागिरीची वानवा नाही. गाव नकाशे महसूल खात्याने ब्राउझरवर पाहण्यास ठेविले आहेत. उंचसखलपणाची उपग्रहीय मापे विनामूल्य मिळतात. ब्राउझरमध्ये त्रिमित देखावे उभारण्याची 'थ्री-जेएस'सारखी साधने २०१० पासून सर्वांस मोकळी आहेत. गट क्रमांकांच्या त्या नकाशावर आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली रानांची नावे, ओढ्यांची नावे, आडांची नावे मुलांनी चढवावीत, एवढे काम एखाद्या माध्यमिक शाळेस एका वर्षात सहज झेपेल. सरकारास माझे सांगणे इतकेच आहे की, त्याने स्वतः खेळ काढण्याच्या भरीस पडू नये, आणि दर योजनेगणिक एक नवे ॲप उतरवून घ्यावयास लावण्याचा जो छंद सध्या सर्वत्र बोकाळला आहे तो आवरून, मुलांसाठी जे काही करावयाचे ते साध्यातल्या साध्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडेल असे करावे. शाळांनी आठवड्यातून एक तास हे मोकळे रान शिक्षकाच्या देखत खुले ठेवावे. आईबापांनी बंदी घालण्यापूर्वी एकदा पोराच्या शेजारी बसून, तो कोठे हिंडतो हे पाहावे.

यावर कोणी म्हणेल की, रस्त्याचा हक्क कायद्याने मिळतो, खेळून कसा मिळेल? महसुलाचा अनुभव उलट आहे. वाटेविषयी तहसीलदाराकडे दाद मागण्याची सोय १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात आहे, १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्येही आहे. पण तेथे पहिला प्रश्न हाच विचारला जातो की, या वाटेने कोण, किती वर्षे, कशाने येत-जात होते? पंच येतात, चाकोरी पाहतात, म्हाताऱ्यांचे जबाब घेतात. वहिवाट अगोदर पायांनी होते; कागद तिची दखल मागाहून घेतो. ज्या वाटेने कोणी जातच नाही तिच्यात नांगर घालणाऱ्यास कोण अडविणार? फ्लॅशची वाट मोडली तेव्हा आमच्या बाजूने कोणाचा जबाब झाला नाही, कारण आम्ही त्या वाटेस पोरांचा चाळा समजत होतो.

दीड तासाने दूरचे ते दप्तर जागे झाले. केंद्रचालकाने भाच्यास उठविले. पोराने विमान घाईघाईने, धावपट्टी नसताना, गंगेच्या वाळवंटात उतरविले आणि खुर्ची सोडली. उतारा निघाला. 'इतर हक्क' हा त्यातील रकाना मी सवयीने प्रथम वाचला, कारण शेतरस्त्यांची नोंद त्या रकान्यात घेण्याचा निर्णय सरकारने २०२५ साली केला आहे आणि आमच्या पाणंदीची नोंद अद्याप व्हावयाची आहे. परत निघालो तो त्याच पाणंदीने. एके ठिकाणी ती आता इतकी अरुंद झाली आहे की, दोन माणसे समोरासमोर आली तर एकास कपाशीत पाय ठेवावा लागतो; बांधावरून डांबरी रस्त्याने गेले तर फेरा पडतो, पण चिखल लागत नाही, म्हणून हल्ली बहुतेक जण तिकडूनच जातात. चपला हातात घेतल्या आणि मी वाटेनेच गेलो.